‘थूमोस’ म्हणजे राग का? शब्दाचा अर्थ संशोधनात कसा शोधायचा

आज एका प्राचीन ग्रीक शब्दाबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, पेट (पीएच.डी. प्रवेश परीक्षा) तोंडावर आलीय आणि ही ग्रीक शिकवायला निघाली. पण थांबा. या एका शब्दाने माझं संशोधनाचं पहिलं वर्ष वाचवलं. तुमच्यापैकी ज्यांना पुढे प्रश्नावली, मुलाखती किंवा सर्वेक्षण करायचं आहे, त्यांना हे आधीच कळलं तर माझ्यासारखी दमछाक होणार नाही.

आधी माझी चूक सांगते. माझी एम.एस्सी. सांख्यिकीमधली. पीएच.डी.चा विषय आहे भावना मोजणाऱ्या प्रश्नावल्या मराठीत आणणं. रागाची एक इंग्रजी प्रश्नावली मी भाषांतरासाठी घेतली. ‘अँगर’ला मराठीत ‘राग’, यात विचार करण्यासारखं काय आहे? भाषांतर केलं. दुसऱ्या एका व्यक्तीकडून मराठीवरून पुन्हा इंग्रजी करून घेतलं. याला उलट-भाषांतर म्हणतात. रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० च्या लेखापासून ही पद्धत खूप रूढ झाली. माझं उलट-भाषांतर मूळ वाक्यांशी तंतोतंत जुळलं. मी खूश!

मग सुट्टीत मामाच्या गावी गेले. गाव घोडेगावजवळ, म्हणजे शनिशिंगणापूरच्या वाटेवर. तिथे घरातल्याच बायकांवर प्रश्नावली वापरून पाहिली. पहिलं वाक्य होतं, ‘मला पटकन राग येतो.’ मामी हसली. म्हणाली, “राग यायला आपण काय गडीमाणूस आहोत का गं?” आणि ‘कधीच नाही’वर खूण करायला सांगितली. पुढच्या सगळ्या वाक्यांना तेच उत्तर. बेरीज जवळजवळ शून्य.

अर्ध्या तासाने चहा घेताना शेताचा विषय निघाला. शेतात आयुष्य गेलं, पण सातबारावर नाव नाही, आणि निर्णय घेताना कोणी विचारतही नाही. मामी म्हणाली, “चीड येते गं नुसती. आतल्या आत धुमसत राहतं.”

माझ्या कागदावर या बाईला राग शून्य होता.

त्याच संध्याकाळी आजीला सहज विचारलं, “आजी, शनिदेव रागावतो का गं?” आजी म्हणाली, “रागावत नाही बाई, कोपतो. रागावतं ते घरचं माणूस. सकाळी रागावतं आणि संध्याकाळी जेवायला हाक मारतं.”

राग, चीड, कोप. एका घरात, एका दिवसात तीन शब्द, आणि माझ्या प्रश्नावलीत एकच. गाईड सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आता एक काम कर. ‘थूमोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ एका पानात लिहून आण.” मी नेटवर पाहून ‘राग, आवेश’ असं लिहून नेलं. पान परत आलं. त्यानंतर दोन महिने जे वाचलं, त्याचा सारांश पायरीपायरीने देते.

पायरी १ : शब्द कुठे कुठे वापरलाय ते बघा

शब्दकोशात पहिला दिलेला अर्थ हा शब्दाचा पूर्ण अर्थ नसतो. थूमोस हा शब्द होमरच्या महाकाव्यांत शेकडो वेळा येतो. तिथे तो काय काय करतो ते पाहा. योद्धा बेशुद्ध पडला की थूमोस त्याला सोडून जातो, शुद्धीवर आला की परत येतो. थूमोसला जेवावंसं वाटतं. तो आनंदतो, घाबरतो, पुढे हो म्हणून ढकलतो. संकटात सापडलेला वीर स्वतःच्या थूमोसशी बोलतो. हेक्टर आणि ओडिसिअस दोघेही असं बोलतात. आणि हो, थूमोस रागाने पेटतोही. पण ते त्याच्या अनेक कामांपैकी एक.

आता मराठीत विचार करा. बेशुद्धीत जातो, धीर आला की परत येतो, त्याला खावंसं वाटतं, त्याला काहीतरी लागतं. हा शब्द आपल्याकडे आहे : ‘जीव’. जीव जातो, जीवात जीव येतो, जीवाला लागतं, जीव लावतो, जीव जळतो. होमरचा थूमोस ‘रागा’पेक्षा ‘जिवा’च्या जास्त जवळ आहे. ब्रूनो स्नेल या जर्मन अभ्यासकाने १९४६ च्या पुस्तकात मांडलं की होमरच्या माणसाला आपल्यासारखं एकसंध ‘मन’ नाही. त्याच्याकडे थूमोस, नोओस आणि प्सूखे अशी वेगवेगळी केंद्रं आहेत. स्नेलवर पुढे बरीच टीका झाली, पण थूमोस म्हणजे नुसती एक भावना नसून भावना जिथे उठतात ती जागा, हा मुद्दा टिकून आहे.

पायरी २ : जोडशब्दांची चाचणी लावा

ही मला सर्वांत आवडलेली युक्ती. आपण धरलेला अर्थ बरोबर असेल, तर तो त्या शब्दापासून बनलेल्या शब्दांतही बसला पाहिजे. थूमोस = राग, हे गृहीतक तपासू.

‘एपिथुमिया’ म्हणजे इच्छा, वासना. ‘प्रोथुमिया’ म्हणजे तत्परता, उत्साह. ‘एउथुमिया’ म्हणजे मनाची प्रसन्नता. ‘माक्रोथुमिया’, शब्दशः ‘लांब थूमोस’, म्हणजे सहनशीलता. थूमोस म्हणजे फक्त राग असता, तर एउथुमियाचा अर्थ ‘चांगला राग’ झाला असता! गृहीतक पडलं.

आता हीच चाचणी मराठी ‘रागा’ला लावा. अनुराग म्हणजे प्रेम. वैराग्य म्हणजे आसक्ती नसणं. भूप, यमन हे गाण्यातले राग. इथेही ‘राग = क्रोध’ बसत नाही. संस्कृतात राग हा शब्द ‘रञ्ज्’ म्हणजे रंगणे या धातूपासून येतो. रंग, लाली, मग मन रंगणं, म्हणजे आसक्ती. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचं वर्णन करताना राग, भय आणि क्रोध या तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या आहेत. म्हणजे तिथे राग म्हणजे क्रोध नाहीच. त्याच गीतेवर ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये नेवाशात टीका सांगितली, आणि शनिशिंगणापूर हे त्याच नेवासे तालुक्यातलं गाव. मराठीत आणि बंगालीतही पुढे ‘राग’ हा शब्द क्रोधावर येऊन थांबला. हिंदीत तसं झालं नाही. म्हणून हिंदी माणसाला ‘मुझे राग आया’ म्हटलं तर तो गोंधळतो.

आवेश आणि क्रोध एकाच शब्दात, ही ग्रीकांची विचित्र सवय आहे असं मला वाटत होतं. ती आपल्याच घरात निघाली. वैदिक ‘मन्यु’ही तसाच. ‘मन्’ या धातूपासून आलेला, अर्थ आवेश, तेज आणि क्रोध. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातली ८३ आणि ८४ ही सूक्तं या मन्यूलाच उद्देशून आहेत.

पायरी ३ : मूळ शोधा, पण मुळाला अर्थ समजू नका

थूमोसचं मूळ रंजक आहे. ऐतिहासिक भाषाशास्त्रात ग्रीक थूमोस, लॅटिन फूमुस आणि संस्कृत धूम हे एकाच मूळ शब्दाचे वंशज मानले जातात. लॅटिन आणि संस्कृतात अर्थ धूर. ग्रीक ‘थ’ आणि संस्कृत ‘ध’ यांची जोडी नियमाने लागते. उदाहरणार्थ, संस्कृत मधु आणि ग्रीक मेथु (मद्य). ग्रीकांनी धुराचा हा शब्द छातीत उठणाऱ्या वाफेला, उसळीला वापरला. मामीचं ‘आतल्या आत धुमसत राहतं’ आठवा. चित्र तेच आहे.

पण इथेच मोह आवरायचा. ‘मूळ अर्थ धूर, म्हणून खरा अर्थ धूर’ असं म्हणणं ही चूक आहे. प्लेटोने स्वतः ‘क्राटिलस’ या संवादात थूमोसची व्युत्पत्ती जिवाच्या उसळण्याशी, उकळण्याशी जोडली आहे. त्याला धुराचा संबंध माहीत नव्हता, तरी तो शब्द उत्तम वापरत होता. शब्दाचा अर्थ वापरणाऱ्यांच्या तोंडात असतो. मूळ फक्त तो कुठून चालत आला हे सांगतं.

पायरी ४ : शेजारचे शब्द मांडा

एकट्या शब्दाला अर्थ नसतो. शेजाऱ्यांमुळे त्याची हद्द ठरते. ग्रीकमध्ये रागाचे शेजारी असे :

‘खोलोस’, हा पित्ताच्या शब्दाशी जोडलेला. आपण म्हणतो ‘त्याचं पित्त खवळलं’. अगदी तेच.

‘ओर्गे’, आधी स्वभाव, मनाची ओढ, आणि नंतर राग. ॲरिस्टॉटलने ‘र्‍हेटोरिक’च्या दुसऱ्या भागात ओर्गेची काटेकोर व्याख्या केली : आपल्याला किंवा आपल्या माणसाला कोणी विनाकारण तुच्छ लेखलं असं वाटल्यावर होणाऱ्या दुःखासह येणारी, सूड घेण्याची इच्छा. संशोधनात व्याख्या कशी करावी याचा हा नमुना आहे. कारण, अनुभव आणि कृती, तिन्ही एका वाक्यात.

‘मेनिस’, इलियडचा पहिलाच शब्द. होमरमध्ये हे नाम देवांसाठी आणि अखिलीझसाठीच येतं. लेनर्ड म्युएलनर यांनी १९९६ च्या पुस्तकात दाखवलं की मेनिस ही नुसती भावना नाही. विश्वाचे मूलभूत नियम मोडले की त्यावर येणारी ती शिक्षा आहे.

हे वाचताना मी आजीचं वाक्य वहीत लिहिलं : देव रागावत नाही, कोपतो.

पायरी ५ : गावात जाऊन अर्थ तपासा

शनिशिंगणापूर तुम्ही पाहिलं असेल. उघड्या चौथऱ्यावर साधारण साडेपाच फुटांची काळी शिळा, वर छप्पर नाही. तेल, रुईच्या पानांची माळ, काळे उडीद. शनी अमावास्येला पाय ठेवायला जागा नसते. आणि घरांना दारं नसलेलं गाव ही त्याची ख्याती. २०११ मध्ये युको बँकेने इथे कुलूप न लावणारी शाखा उघडली, तेव्हा देशभर बातमी झाली. चोरी केली तर शनिदेव कोपेल, ही त्यामागची श्रद्धा.

इथे ‘कोप’ हा शब्द काय काम करतोय? चोराने शनिदेवाचा वैयक्तिक अपमान केलेला नाही. नियम मोडला म्हणून शिक्षा, एवढंच. हे ॲरिस्टॉटलच्या ओर्गेत बसत नाही. मेनिसमध्ये बसतं. उलट शनिमाहात्म्यातली विक्रमराजाची गोष्ट घ्या. राजा शनीला हसतो, तुच्छ लेखतो, आणि हातपाय तुटून तेल्याच्या घाण्यावर बसतो. इथे तुच्छता आहे, म्हणजे ओर्गेही आहे. साडेसाती तर तिसरीच गोष्ट. शनीला सूर्याभोवती फिरायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशींत वाटली तर एका राशीला अडीच वर्षांच्या आसपास, आणि तीन राशींची मिळून साडेसात. ती येते वेळापत्रकाने, तुम्ही काही केलं असो वा नसो. म्हणजे ‘शनीचा राग’ या एका इंग्रजी छापाच्या कल्पनेखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो.

आता चौथा शब्द, मामीचा. चीड.

नोव्हेंबर २०१५ मध्ये एका महिलेने चौथऱ्यावर चढून दर्शन घेतलं आणि त्यानंतर चौथऱ्याचं शुद्धीकरण केलं गेलं. २६ जानेवारी २०१६ ला तृप्ती देसाई यांच्या भूमाता ब्रिगेडच्या महिला शिंगणापूरकडे निघाल्या, त्यांना सुप्याजवळ अडवलं. विद्या बाळ आणि ॲड. नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. आधार होता मंदिरप्रवेशाचा १९५६ चा राज्याचा कायदा. न्यायालयाने स्त्रियांचा प्रवेशाचा हक्क मान्य केला, आणि ८ एप्रिल २०१६ ला, गुढीपाडव्याला, देवस्थानाने चौथरा स्त्रियांनाही खुला केला. विरोध करणाऱ्यांमध्येही स्त्रिया होत्या, हेही नोंदवायला हवं. त्यांना कोपाची भीती होती, परंपरेचा आदर होता.

ज्या भावनेने काही बायका मोर्चात आणि काही कोर्टात गेल्या, तिला ‘राग’ म्हणणं मला अपुरं वाटतं. इथे प्लेटो कामाला येतो. ‘रिपब्लिक’मध्ये तो जिवाचे तीन भाग करतो : विचार करणारा, हाव धरणारा आणि थूमोसचा. तिसरा भाग का वेगळा, हे सांगायला तो लेओन्तिओसची गोष्ट देतो. या माणसाला वाटेत मृतदेह दिसतात. बघायची ओढ वाटते आणि लाजही वाटते. शेवटी तो बघतो, पण स्वतःच्याच डोळ्यांवर संतापतो. म्हणजे हाव एक आणि हावेवर संतापणारा दुसरा. प्लेटो पुढे म्हणतो, आपल्यावर अन्याय झालाय असं माणसाला पटलं की त्याचा थूमोस उकळतो आणि विचाराच्या बाजूने लढायला उभा राहतो. फ्रान्सिस फुकुयामा यांनी १९९२ च्या पुस्तकात याच शब्दाला ‘मान्यता मिळावी ही आस’ असा अर्थ देऊन आधुनिक राजकारण समजावलं.

मामीची सातबाऱ्यावरची चीड हीच आहे. ती ताट आपटत नाही, ओरडत नाही. पण तिला माहीत आहे की काहीतरी न्यायाचं नाही.

पायरी ६ : भाषांतरकारांकडून शिका

ही अडचण नवी नाही. बायबलच्या ग्रीक नव्या करारात थूमोस आणि ओर्गे शेजारी शेजारी येतात. तेव्हा भाषांतरकाराला एकच ‘राग’ पुरत नाही, दोन शब्द लागतात आणि त्यांतला फरक ठरवावा लागतो. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये यासाठी ग्रीक आणि हिब्रू शिकून संपूर्ण बायबल मुळातून सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. एका शब्दासाठी एक भाषा शिकण्याची तयारी, याला मी संशोधन म्हणते.

प्रश्नावलीकडे परत

आता माझ्या चुकीचं निदान करता येतं. उलट-भाषांतराने दोन्ही टोकांचे शब्द जुळतात का एवढंच तपासलं. ‘अँगर’चं ‘राग’ आणि ‘राग’चं ‘अँगर’, दोन्ही शब्दकोशात बरोबर. पण इंग्रजी शब्दाची हद्द आणि नगर जिल्ह्यातल्या बाईच्या ‘राग’ची हद्द एक नाही. तिच्या बोलीत राग म्हणजे बाहेर पडणारा, आवाज करणारा, पुरुषाला शोभणारा. आत राहतो तो राग नाही, ती चीड. शब्द जुळले, संकल्पना नाही. पेटमध्ये ‘शाब्दिक समतुल्यता’ आणि ‘संकल्पनात्मक समतुल्यता’ यांतला फरक विचारला तर हे उदाहरण लिहा.

जगभरही हेच दिसतं. २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात जोशुआ जॅक्सन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. २,४७४ भाषांत कोणत्या दोन भावनांना एकच शब्द आहे, हे त्यांनी पाहिलं. भावनांच्या शब्दांची जाळी भाषाकुळानुसार बरीच वेगळी निघाली. समान काय? भावना सुखद की दुःखद, आणि ती उसळवते की शांत करते, हे दोन अक्ष.

आणि एक गोष्ट, जी मला झोपू देत नव्हती. मानसशास्त्रात ‘ॲलेक्सिथायमिया’ ही संज्ञा आहे. ‘अ-लेक्सिस-थूमोस’, म्हणजे आपल्या भावनांना शब्द न सापडणं. १९७० च्या दशकात पीटर सिफ्निओस यांनी ती रूढ केली. शब्दात आपला थूमोस आहेच. विचार करा, मी तो पहिला मसुदा घेऊन गावोगाव फिरले असते, बायकांची बेरीज शून्य आली असती, आणि मी प्रबंधात लिहिलं असतं : ‘ग्रामीण स्त्रियांना स्वतःच्या रागाची जाणीव कमी.’ आकडे नीट, आलेख सुंदर, निष्कर्ष खोटा. मामीकडे शब्द होता. माझ्या कागदावर नव्हता.

आता मी काय बदललं? भाषांतराआधी मुलाखती घेते. ‘राग’ हा शब्द न वापरता विचारते, ‘अन्याय झाला असं वाटलं तर आत काय होतं?’ लोकांनी दिलेले शब्द लिहून घेते. मग त्यांच्याच हातून शब्दांचे गट करून घेते : राग, चीड, संताप, कोप, रुसवा, जीव जळणं. वाक्यं त्यानंतर बनतात, आणि उलट-भाषांतर सगळ्यांत शेवटी. वेळ दुप्पट लागतो. पण लागू द्या.

तुम्हालाही एक काम देते. तुमच्या विषयातला एक मुख्य शब्द घ्या. ताण, आधार, विकास, काहीही. मोल्सवर्थ (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाऊस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९), तिन्हींत तो बघा. जोडशब्दांची चाचणी लावा. शेजारी शब्द मांडा. आणि मग घरातल्या सर्वांत कमी शिकलेल्या माणसाला विचारा की तो हा शब्द कधी वापरतो आणि कधी वापरत नाही.

मी दिवाळीत नवा मसुदा घेऊन मामीकडे गेले. पहिलं वाक्य वाचलं, ‘अन्याय झाला तर मी आतल्या आत धुमसते.’ मामीने चष्मा लावला, कागद माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, “आण इकडं, हे मीच भरते.”